मस्कतची चाल

फिरोजाच्या फोनमध्ये नवऱ्याचं नाव नव्हतं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही रीत फोनलाही लागू असते, असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. पण नऊ वर्षांपूर्वी तिच्या मुलीनं, यशरानं, नवा फोन हातात देताना विचारलं, "अब्बांचा नंबर कुठल्या नावानं टाकू?" तेव्हा तिच्या तोंडून आपसूक निघालं, "मस्कत." तेव्हापासून नवरा म्हणजे मस्कत. मस्कतचा फोन यायचा, मस्कतचे पैसे यायचे, आणि रोज दुपारी अडीच वाजता मस्कतची चाल यायची.

चाल म्हणजे खेळातली. 'सात बंदरं' नावाचा तो खेळही यशरानंच दोघांच्या फोनवर टाकून दिला होता. त्यात समुद्र होता, बेटं, बंदरं, वाड्या, गलबतं होती. एकानं आपली चाल करून पाठवायची, दुसऱ्यानं सवडीनं विचार करून उत्तर द्यायचं. तीन दिवस चाल आली नाही, तर समोरच्याच्या पडद्यावर 'डाव जिंकला असे जाहीर करा' असं लाल बटण उगवायचं. आणि प्रत्येक चालीसोबत एक ओळ लिहायची सोय होती. दिवेआगरची ही बाई त्या एका ओळीसाठीच खेळायची म्हणा ना.

कारण तिचा नवरा रफिक फोनवर बोलायला अगदीच कच्चा. "बाकी?" "बाकी काय न्हाय." "बरं." यापुढे त्याची गाडी सरकायचीच नाही. पण चालीसोबत तो रोज न चुकता लिहायचा, 'जेवलीस का?' तिकडे एक वाजता त्याची जेवणाची सुट्टी व्हायची तेव्हा इकडे अडीच वाजलेले असायचे. ती लिहायची, 'जेवले.' आणि त्याचं एखादं गलबत बुडवून टाकायची.

खेळण्यावरून माणूस कळतो असं फिरोजाचं ठाम मत होतं. रफिक मस्कतच्या एका कंपनीच्या गोदामात स्टोअरकीपर होता. चोवीस वर्षं माल रचून ठेवणारा हा गडी खेळातही कोठारंच भरत बसायचा. त्यानं कधी कुणाची वाडी जाळली नाही, की कुठलं बंदर लुटलं नाही. फिरोजा मात्र तिसऱ्या चालीलाच त्याच्या अंगावर चालून जायची. 'तुला घरी ठेवून चुकलो, नौदलात धाडायला हवी होतीस,' असं त्यानं एकदा लिहिलं होतं. ती दोन दिवस हसत होती.

एक प्रश्न मात्र ती कधी लिहीत नसे. लग्नानंतर तो गेला तेव्हा पहिली तीन वर्षं ती प्रत्येक फोनवर विचारायची, "घरी कवा येताय?" त्याचं उत्तर ठरलेलं होतं, "पुढल्या साली, इन्शाल्ला." ते म्हणताना त्याचा आवाज इतका पडायचा की तिलाच अपराधी वाटायचं. मग तिनं विचारणं सोडून दिलं.

दोन हजार वीसच्या जूनमध्ये वादळ आलं. मागची सुपारीची वाडी सकाळी उभी होती, संध्याकाळी आडवी झाली. अकरा दिवस फोन मुका होता. बाराव्या दिवशी ती कुणाच्या तरी स्कूटरवर बसून श्रीवर्धनच्या वाटेवरच्या टेकाडावर गेली. तिथं फोनला जीव आला तेव्हा तिनं सगळ्यांत आधी तो खेळ उघडला. चाल तिच्याकडेच अडकलेली होती. म्हणजे ते लाल बटण रफिकच्या पडद्यावर आठ दिवस लकाकत होतं, आणि त्यानं ते दाबलं नव्हतं. वाडी पडली तेव्हा फिरोजा रडली नव्हती. टेकाडावर परक्या माणसांच्या घोळक्यात ती ओक्साबोक्शी रडली.

तर असा हा नवरा चार महिन्यांपूर्वी कायमचा घरी आला.

आणि घरात बोलणंच राहिलं नाही. भांडण झालं असतं तर निदान आवाज तरी झाला असता. रफिक पहाटे उठे, स्वतःचा काळा चहा स्वतः करून पिई आणि कप धुऊन पालथा घाली. कपडे स्वतः धुई, घड्याही स्वतः घाली. मनगटावरचं घड्याळ अजून मस्कतच्या वेळेवर होतं. एकट्यानं राहायची इतकी सवय जडलेल्या माणसाला बायकोनं काय करून द्यावं, हे तिला उमजेना. दोघं समोरासमोर जेवायला बसत आणि तोंडात मिठाची गुळणी धरून उठत. 'जेवलीस का?' हा प्रश्न तर मिटलाच. समोर बसून भात कालवणाऱ्या बाईला तो कोण विचारणार? सुपारी सोलायला येणारी कमळ म्हणायची, "आता काय बाई, मानूस घरात हाय!" फिरोजा मान डोलवायची. अडीच वाजले की मात्र तिचा हात अजूनही फोनकडे जायचा आणि रिकामाच परत यायचा. तो मस्कतला होता तेव्हा इतकं एकटं तिला कधीच वाटलं नव्हतं, आणि हे सांगणार तरी कुणाला!

ईदला यशरा पनवेलहून आली ती बातमी घेऊनच. "अम्मी, सात बंदरंचा दुसरा भाग आलाय!" दोघांच्या फोनवर तो टाकून देत ती अब्बांना म्हणाली, "अम्मी बोलावणं धाडेल, तुमी फक्त हो म्हणा." पहिल्यापासून बोलावणं फिरोजाच धाडायची, ते ठरूनच गेलं होतं.

यशरा गेल्यावर दुपारी तिनं तो उघडला. आत नुसता उरूस भरलेला. ढोल काय, झगमगाट काय, प्रत्येक बेटावर झेंडे काय! जुना खेळ कसा शांत होता, गलबत निघालं तर पाण्याचा नुसता चुबुक आवाज यायचा. पण एक गोष्ट तिला पाहताक्षणी आवडली. ह्यात वारा होता. वारा उलटा असेल तर गलबत पुढं जात नव्हतं, थांबून राहावं लागत होतं. वाऱ्यासाठी थांबणं तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. वादळही होतं. येई, माड-पोफळी आडव्या करी, आणि दोन चालींत वाडी पुन्हा हिरवीगार. हे बनवणाऱ्यानं जन्मात सुपारी लावली नसणार, असं म्हणून तिनं मागच्या दाराकडे पाहिलं. वादळानंतर लावलेल्या तिच्या पोफळी सहा वर्षांनी आत्ता कुठं धरायला लागल्या होत्या.

सगळ्यांत वाईट म्हणजे ती ओळ नव्हती. चालीसोबत लिहायची सोयच काढून टाकलेली. त्याऐवजी सहा तयार चेहरे दिले होते, हसणारा, चिडलेला, मूठ दाखवणारा, असलेच काही. नवं ते हवं, पण असं? तरीही बोलावणं कुणाला, असं खेळानं विचारलं तेव्हा नऊ वर्षांच्या सवयीनं तिचं बोट नावांच्या यादीत बरोबर 'मस्कत'वर गेलं.

तासाभरात होकार आला. रफिक तेव्हा पडवीत पाठमोरा बसला होता, त्याच्याही हातात फोन होता. फिरोजाचा जीव भांड्यात पडला. चला, बोलणं नाही तर नाही, डाव तरी सुरू झाला.

पण तिसऱ्याच चालीला त्यानं तिची वाडी जाळली.

उत्तरेच्या बेटावर तिनं हौसेनं लावलेली पोफळीची वाडी होती. तिथं ना कोठार, ना बंदर. जाळून काही मिळणार नव्हतं, तरी जाळली आणि वर मूठ दाखवणारा चेहरा पाठवला. फिरोजा पडद्याकडे बघतच राहिली. दुसऱ्या दिवशी त्यानं तिची दोन गलबतं बुडवली. चौथ्या दिवशी तिनं तहाचा पांढरा झेंडा पाठवला तर त्यावर हसणारा चेहरा आला. पूर्वीचा रफिक कुठं गेला? की हाच खरा होता आणि पूर्वीचा नुसता त्या एका ओळीत राहत होता? ती दिवसभर त्याच्या पाठीकडे बघत राही. पाठ काही सांगत नव्हती. हळूहळू तिच्या मनानं घेतलं की तो तिच्यावर संतापलाय. तिकडचा पगार, तिकडची मानाची खुर्ची सोडून इथं येऊन बसावं लागलं, त्याचा राग. तोंडानं बोलवत नाही म्हणून असा निघतोय.

दहाव्या दिवशी तिचं सगळ्यांत मोठं बंदरही पडलं. तिनं यशराला फोन करून उद्या येते म्हणून सांगितलं आणि पिशवी भरली. चार दिवसांसाठी इतके कपडे लागत नाहीत, हे भरताना तिच्याही लक्षात आलं होतं.

दुपारी जेवताना ती म्हणाली, "मी उद्या यशराकडं जातंय."

"किती दिस?"

"बघू."

रफिकनं भातावर कालवण घेतलं आणि ते तसंच ठेवून दिलं. मग तिच्यानं राहवलं नाही.

"माझी वाडी का जाळलीत?"

तो ताडकन उठला, उष्ट्या हातानं मागच्या दारात गेला आणि पोफळींकडे बघून परत आला. "कुटं जळली? हाय की सगळी!"

"खेळातली वो! उत्तरेच्या बेटावरची. आन वर मूठ दावलीत मला."

रफिक खाली बसला. "मी? मला तू बोलावलंच कवा?" त्याचा आवाज चढला होता, चार महिन्यांत पहिल्यांदाच. "दहा दिस झाले, रोज उघडून बघतंय. मशीनसंगं खेळतंय एकला. म्हटलं, ह्याच्या पुढं हिला आपल्याशी खेळायचं न्हाय."

फिरोजानं फोन त्याच्यापुढं सरकवला. त्यानं चष्मा लावून वाचलं, 'मस्कत'. त्यानं त्या नावावर बोट ठेवलं.

"हे सिम कंपनीचं," तो म्हणाला. "येताना जमा केलं मी. माझ्या जागी जो आला असंल त्याला दिलं असणार. माझा इथला नंबर तुझ्याकडं हाय ना? यशरानं 'अब्बा' म्हणून टाकलाय."

'अब्बा' हे नाव फिरोजानं यादीत रोज पाहिलं होतं. ते आपल्यासाठी आहे असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

"म्हणजे दहा दिस मी परक्या मानसासंगं…" तिचे कान लाल झाले.

"खेळतो कसा?"

"रानटी हाय नुसता."

रफिक हसला नाही. "नवा असंल. पयल्या साली राग येतो, सगळ्याचाच. दुपारी त्या गोदामात चिटपाखरू नसतं. पंख्याचा आवाज आन आपण." मग म्हणाला, "मोडू नको त्याचा डाव. एक वाजता वाट बघत असंल."

चोवीस वर्षांत गोदामाविषयी तो एवढं कधी बोलला नव्हता. तिकडे तो मजेत असेल असं फिरोजाला वाटत नव्हतं, पण पंख्याचा आवाज तिनं कधी मनात आणला नव्हता. तिला काहीतरी बोलायचं होतं. त्यालाही असावं. तो खाकरला, ती पदर सारखा करत राहिली, आणि दोघांच्या मधली ताटं तशीच वाळत राहिली. अखेर रफिक उठला. "समोर बसलं की मला काय सुचतच न्हाय," असं पुटपुटत त्यानं हात धुतला, चपला घातल्या आणि वाडीतून समुद्राकडे निघून गेला.

गेला. पुन्हा गेला. फिरोजा तिथंच बसून राहिली. नव्या खेळात तिनं त्या परक्या माणसाला आपली चाल पाठवली, बिचाऱ्याचा एक दिवस जाऊ दे सुखात. मग कुठल्याशा ओढीनं तिनं जुना खेळ उघडला. ईदच्या कितीतरी आधीपासून तो उघडला नव्हता. माणूसच घरात आल्यावर उघडायचा कशाला!

शेवटचा डाव अर्धाच होता. चाल तिच्याकडे होती. रफिकची शेवटची चाल मस्कतच्या विमानतळावरून आलेली होती, आणि त्यासोबतची ओळ तिनं कधी वाचलीच नव्हती. 'निघतोय. तू जेवून घे, माझ्यासाठी थांबू नकोस.'

खाली खेळानं बारीक अक्षरांत लिहिलं होतं, चाल पाठवून एकशे सव्वीस दिवस. म्हणजे ते लाल बटण एकशे तेवीस दिवस त्याच्या पडद्यावर होतं. पडवीत पाठमोरा बसून तो हेही बघत असणार, आणि त्यानं ते दाबलं नव्हतं.

तिला ते वाचता येईनासं झालं. पदरानं डोळे पुसून तिनं एक साधं गलबत एक घर पुढं सरकवलं आणि ओळ लिहिली, 'थांबले होते त्या दिवशी. उपाशी.'

भिंतीवरच्या घड्याळात अडीच वाजायला पाच मिनिटं होती. ती फोनकडे बघत बसली. एव्हाना तो सुरूच्या बनापाशी पोचला असेल. अडीच वाजून दोन मिनिटांनी फोन वाजला, पाण्याचा तो जुना चुबुक आवाज. त्यानं एक कोठार भरलं होतं, दुसरं काय करणार! आणि खाली ओळ होती.

'जेवलीस का?'

दोघांची उष्टी ताटं अजून तिच्यासमोर होती. फिरोजा हसली, आणि हसता हसता हुंदका फुटला. तिनं लिहिलं, 'जेवले.' पाठवणार तेवढ्यात बोट थांबलं. वीस-एकवीस वर्षं गिळून ठेवलेला तो प्रश्न तिनं त्यापुढं लिहिला, 'घरी कवा येताय?'

उत्तर यायला वेळ लागला. मग आवाज झाला.

'दहा मिनिटांत.'

तिनं ते तीनदा वाचलं. मग ताटं उचलली आणि दोन कप चहाचं आधण ठेवलं.