सहा पोळी आणि एक

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत फळ्याला फार मान आहे. रविवारी सकाळी त्यावर लिहिले होते : 'पाण्याच्या मीटरच्या कपाटात आग्यामोहोळ झाले आहे. अकरा वाजता फवारणी. खिडक्या लावाव्यात. नंतर चावल्यास सोसायटी जबाबदार नाही.' खाली सेक्रेटरी दिगंबरपंतांची सही.

पाचवीतली वल्लरी धावत माझ्याकडे आली. शाळेतली नोकरी संपून मला बारा वर्षे झाली, तरी इथली मुले मला बाईच म्हणतात.

"बाई, सगळ्यांना मारणार आहेत!"

"आधी सांग, आग्या माशी घर कुठे बांधते?"

ती थबकली. "कात्रजला आपण टाकीखाली बघितलं होतं ना? उघड्यावर. एकच मोठं, सुपासारखं लोंबणारं."

"आणि ह्या?"

"कपाटात. अंधारात." तिचे डोळे मोठे झाले. "म्हणजे आग्या नाहीच. सातेरी! पेटीत पाळतात ती!"

मी लगेच चंद्रभागेला फोन लावला. ती सिंहगडाच्या पायथ्याची. बचत गटातून मधमाश्या पाळायला शिकली, पेटी मिळाली, दोन वर्षे छान मध निघाला. गेल्या पावसाळ्यात मात्र माश्या पेटी सोडून गेल्या. फुलोरा तोंडावर आला होता आणि पेटी रिकामीच होती. आता माश्या मिळाल्या नाहीत, तर यंदाचा हंगाम हातचा जाणार होता.

"निघालेच बाई," ती म्हणाली. "पेटी हाय, माशी न्हाई. त्यांना मारू देऊ नका."

साडेदहाला ती बसमधून पेटी घेऊन उतरली. कपाटापाशी फवारणीवाला साईनाथ पंप भरून चहा पीत होता. दिगंबरपंत घड्याळ बघत होते.

"काका, आग्या नाहीये," वल्लरी दिगंबरपंतांना म्हणाली. "कपाट उघडून पोळी मोजा हवं तर."

"पोळी? मी जेवायला आलेलो नाही."

"मधाची पोळी हो! आग्याचं एकच असतं. सातेरीची पुष्कळ, ओळीनं."

"आमच्याकडं सातपुडी म्हनत्यात तिला," चंद्रभागा म्हणाली. "लई गरीब माशी."

दिगंबरपंतांनी चष्मा सारखा केला. "नावात सात आहेत ना? मग सात दाखवा. सात भरली तर फवारणी रद्द. एक कमी पडलं तरी साईनाथ सुरू. मोजणार ही मुलगीच. बाई, तुमची शाळा सुटली असेल, तर बघू या."

चंद्रभागेने वल्लरीला जाळीची टोपी घातली, धुराचा डबा फुंकला आणि दार अलगद उघडले. माश्या आत सरकल्या. वल्लरी बोट न लावता मोजू लागली. एकदा मोजून झाले. पुन्हा मोजले.

"किती?" दिगंबरपंत.

तिने माझ्याकडे पाहिले. मी तिच्याकडे पाहिले नाही. परीक्षेत बाईंनी खाणाखुणा करायच्या नसतात.

"सहा," ती रडवेल्या आवाजात म्हणाली.

साईनाथने कप खाली ठेवला. चंद्रभागेने पेटीची कडी घट्ट धरली.

"थांब की पोरी," ती हळूच म्हणाली. "भिंतीकडं बघ. पायपाच्या मागं."

वल्लरी वाकली. "आहे! एवढुस्सं! काका, बिस्किटाएवढं आहे, पण पोळंच आहे! पांढरं, नवीन!"

दिगंबरपंत पुढे झाले, वाकले, एक माशी नाकाजवळून गेल्यावर झटकन सरळ झाले.

"बिस्किटाला पोळं म्हणायचं का, हा प्रश्न आहे."

"अहो, तुमचा नातू एवढासा आहे, म्हणून त्याला माणूस म्हणत नाही का?" मी म्हणाले.

साईनाथ हसला. "साहेब, मी जातो. मलाही मारायला बरं वाटत न्हवतं."

चंद्रभागेने एकेक पोळे कापून पेटीतल्या लाकडी चौकटीत दोऱ्याने बांधले. राणी सापडली, ती पेटीत गेली. मग बाकीच्या कुणी न सांगताच मागोमाग निघाल्या. दिवसभर बाहेर गेलेल्या माश्या संध्याकाळपर्यंत परतल्या, मग पेटीचे तोंड बंद झाले आणि चंद्रभागा ती घेऊन रिक्षाने गावाकडे गेली.

गुरुवारी चंद्रभागेचा फोन आला. "बाई, पायांना फुलांचं पिवळं पीठ लावून येत्यात. बसली माशी! पोरीला सांगा."

सांगायला खाली उतरले, तर वल्लरी फळ्यासमोर उभी होती. तिथे दिगंबरपंतांच्या अक्षरात लिहिले होते :

'मीटरच्या कपाटात आग्यामोहोळ नव्हते. सातेरी होती. पोळी सात. मोजणी : वल्लरी, इयत्ता पाचवी. पुन्हा पोळे दिसल्यास आधी तिला विचारावे. दुपारी एक ते चार विचारू नये.'