जवळून सुरुवात केली तर

माझ्या प्रबंधातलं मुख्य प्रमेय धुळ्याच्या परिषदेत हितेंद्र सरांनी मांडलं आणि मी तिसऱ्या रांगेत बसून ऐकलं. माझे गाईड आहेत, मांडोत. राग त्याचा नाही.

प्रमेय तसं सोपं आहे. पायाखालचा उतार बघत बघत तळ गाठायचा. साधी रीत जमीन सपाट समजून चालते; आमची जमिनीच्या वळणाला धरून चालते, म्हणून लवकर पोचते. पण तळाच्या जवळून सुरुवात केली तरच. ही अट मी लिहिली होती. 'त्याने प्रमेय लहान दिसतं' म्हणून सरांनी निघण्याआधी, जळगावला आमच्या विभागातच ती मसुद्यातून काढली. मी भांडले, तर म्हणाले, परिषदेत तोंडी सांगू.

कसलं तोंडी आणि कसलं काय. धुळ्याच्याच वच्छला मॅडमनी विचारलं, "कुठूनही निघालं तरी पोचतो?"

"कुठूनही," सर म्हणाले.

मॅडमनी फळ्यावर चेंडू काढला. "मी अगदी माथ्यावर उभी आहे. इथे उतारच नाही. मग पाऊल कुठे टाकू?"

सभागृह हसलं. सर माझ्याकडे वळले. "सिद्धता अलफियाची आहे. नवीन आहे, राहून गेलं तिच्याकडून."

चोर तो चोर, वर शिरजोर. माझे कान तापले.

चहाच्या वेळी सरांनी मला बाजूला घेतलं. "समारोपात चूक तुझी म्हणून सांगून टाक, विषय मिटेल. प्रबंधावर सही माझीच लागते ना?" हे बिस्कीट खात खात.

मागे उभ्या वच्छला मॅडमनी ते ऐकलं असावं. जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवून अहिराणी वळणाने म्हणाल्या, "खरं काय शे ते सांग, बेटा."

समारोपाला मी फळ्याशी गेले. चेंडू कोणी पुसला नव्हता. त्याच्या तळाभोवती एक गोल काढला.

"या गोलाच्या आतून निघालं तर आमची रीत लवकर पोचते, एवढंच मी सिद्ध केलंय. ही अट माझ्या मसुद्यात होती. सरांनी ती काढली."

या वेळी कोणी हसलं नाही.

सरांच्या गाडीत मला जागा उरली नाही, हे सांगायला नको. एसटीने निघाले. पारोळ्याच्या स्टँडवर मोबाइल वाजला, सरांचा मेसेज. 'उद्यापासून दुसरा गाईड शोध.'

भीती वाटली. एवढ्या वर्षांचं काम, आणि सहीशिवाय त्याला कोण विचारतो? पण संताप भीतीपेक्षा मोठा होता. बस हलायच्या आत उत्तर पाठवलं: 'शोधते. आणि अट आता प्रबंधाच्या नावातच घालते.'