पिवळ्या फ्रिस्बीची शरम

मित्रांनो, मला बघून हसू आलं तर आधी हसून घ्या. भाईंदरच्या खारीगावातल्या एका घराच्या खिडकीत, सुक्या बोंबलांच्या टोपलीला टेकून उभी असलेली ही पिवळी, ओरखड्यांनी भरलेली तबकडी म्हणजे मी. मी आता म्हातारी फ्रिस्बी झालेय. या गल्लीतल्या बायका मला ‘प्लास्टिकचं ताट’ म्हणतात. घरातली जिजाबाई तर घाईत असली की मला सरळ भाकऱ्यांवर झाकण म्हणून ठेवते. त्याचं मला काही वाटत नाही. भाकरी झाकण्यात कसली लाज? लाज वेगळ्याच गोष्टीची आहे, आणि ती सांगायला बसले की माझी कड अजून तापते.

माझा जन्म फार लांबच्या एका कारखान्यात झाला. प्लास्टिकचे पांढरे दाणे वितळले, साच्यात गेले आणि मी हळदीच्या रंगाची होऊन बाहेर आले. समुद्रावर कुत्र्यापुढे भिरकावतात त्या फ्रिस्बी वेगळ्या, बरं का! आमची जात नाचणारी. आम्हाला नुसतं फेकत नाहीत. गाणं लावतात, दोघं-तिघं मैदानात उतरतात आणि गाणं संपेपर्यंत आम्हाला बोटावर, छातीवर, पाठीवर, पायावर खेळवतात. जो सर्वांत अवघड, सर्वांत नेटका आणि सर्वांत देखणा खेळेल, तो जिंकतो. गंमत म्हणजे पंच बाहेरून येत नाहीत. ज्यांची पाळी अजून यायची आहे ते खेळाडूच टेबलाशी बसून दुसऱ्यांना गुण देतात. त्या गुणांवर देशभरातल्या खेळाडूंची क्रमवारी लागते.

मला पहिल्यांदा हातात घेतलं ते मानसीनं. ती नवघरला राहायची, दातांच्या दवाखान्यात नोकरी करायची. आईवडील मूळचे परभणीकडचे. आईला वाटायचं, पोरगी रविवारी व्यायामाला जाते. पोरगी इकडे मैदानात मला पाठीमागून पकडायची, पडायची, गुडघे फोडून घ्यायची आणि पुन्हा उठायची. एकदा खाडीवरचा वारा आला आणि मी तिच्या हातून निसटून लांब गेले. कट्ट्यावर बसलेल्या एका मुलानं न उठताच मला पायावर झेललं.

“परत कर ना!” मानसी ओरडली.

“परत करतोय. पण आधी मला पण शिकव,” तो म्हणाला.

तो प्रीतम. खारीगावातल्या दगडू कोळ्याचा मुलगा, मोबाइलच्या दुकानात कामाला. तेव्हापासून ती दोघं जोडीदार झाली आणि मी त्यांची झाले. माझे ते दिवस फार सुखाचे होते, मित्रांनो. प्रत्येक खेळाआधी मानसी माझ्या पोटावर सिलिकॉनचा फवारा मारायची, फडक्यानं पुसायची, आणि मी अशी गुळगुळीत व्हायचे की माशीसुद्धा बसली नसती.

आता नखांचं सांगते, कारण सगळा घोळ तिथेच झाला. आमच्या खेळातली सर्वांत मानाची करामत म्हणजे मला नखावर फिरतं ठेवणं. बोटाचं मांस चिकट असतं, ते मला धरून ठेवतं आणि माझी गिरकी मरते. नखावर मात्र मी घसरत घसरत किती तरी वेळ फिरते. स्वतःचं नख तेवढं टिकत नाही, म्हणून खेळाडू बोटांवर खोटी नखं चिकटवतात. मुलीही आणि मुलगेही. त्यात काही नवल नाही. पण खारीगावात कोणाला हे माहीत होतं?

प्रीतम नखं आणायला बायकांच्या वस्तूंच्या दुकानात जायचा आणि “बहन के लिये चाहिये” म्हणायचा. त्याला बहीण नव्हती. मग मानसी मैदानाच्या कोपऱ्यात त्याचा हात मांडीवर घेऊन एकेक नख चिकटवायची. “हात हलवू नको रे, लग्नाची मेंदी काढतेय असं समज,” ती चिडवायची. तोही हसायचा. पण खेळ संपला की तो नखं गरम पाण्यात बुडवून, सोडवून, खिशात लपवूनच गावात शिरायचा. कधी एखादं निघालं नाही तर हात प्लास्टिकच्या पिशवीत घालून जेवायला बसायची वेळ यायची. “हाताला लागलंय,” तो आईला, जिजाबाईला, सांगायचा. एकदा चुलतभाऊ विकीनं मला त्याच्या पिशवीत पाहिलं आणि विचारलं, “हे काय रे?” प्रीतम म्हणाला, “माझं नाहीये. कोणाचं तरी राहिलंय.”

माझं नाहीये! ज्याच्या बोटावर मी तासन्‌तास नाचले, त्यानं असं म्हणावं? तो सगळा दिवस मी पिशवीच्या तळाशी ओशाळून पडून राहिले. पण मनात म्हटलं, पोर लाजतंय, लाजू दे, खेळतो तर चांगला. खरंच चांगला खेळायचा. वर्षभरात त्याचं नाव क्रमवारीत दिसायला लागलं. मानसीचं तर अकराव्या नंबरावर जाऊन बसलं.

त्या वर्षी पहिल्या दहा खेळाडूंना परदेशातल्या मोठ्या स्पर्धेचं बोलावणं जाणार होतं. येण्याजाण्याचा खर्च भरणाराही कोणी मिळाला होता. मानसीला एकच पायरी चढायची होती. शेवटची स्पर्धा नेमकी भाईंदरलाच ठरली. जोडीनं अंतिम फेरी गाठली की मानसी दहांत गेलीच म्हणून समजा. तिनं पासपोर्टही काढून ठेवला. पोलीस चौकशीला घरी आले तेव्हा तिच्या आईला सगळं कळलं. आई आधी रागावली, मग शेजारणीला पेढे द्यायला गेली. “जायच्या आधीच पेढे?” मानसी डोक्याला हात लावून म्हणाली.

स्पर्धेच्या सकाळी मानसीनं प्रीतमची नखं चिकटवली. दोघांनी वारा बघितला, मला दोन-चार वेळा उडवून घेतलं. सगळं छान चाललं होतं. त्यांची पाळी जवळ आली आणि प्रीतमनं सहज दोरीपलीकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

दोरीशी दगडू उभा होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्यावर लाल टोपी. बाजूला विकी आणि गल्लीतली पाच-सहा माणसं. विकीनं कुठेतरी स्पर्धेच्या फलकावर प्रीतमचा फोटो पाहिला होता आणि अख्ख्या गावाला बातमी दिली होती.

“मी आलोच,” प्रीतम मानसीला म्हणाला आणि मला काखेत मारून स्पीकरच्या टेम्पोमागे गेला. तिथे जे घडलं ते फक्त मी पाहिलं, असं मला तेव्हा वाटलं. त्यानं नखं ओढायला सुरुवात केली. गोंद पक्का होता, निघेना. मग त्यानं दात लावले. एकेक नख तोडून तो नालीत टाकत गेला. शेवटच्या नखाबरोबर त्याचं स्वतःचं नखही अर्धं सोललं आणि रक्ताचा थेंब माझ्या कडेवर पडला. मला तोंड असतं तर ओरडले असते, अरे वेड्या, आता मला फिरवणार कशावर?

त्यानं शर्टाला बोटं पुसली आणि मैदानात गेला. मानसीला एक शब्द सांगितला नाही.

गाणं सुरू झालं. मानसीनं मला अशी जोरदार गिरकी देऊन सोडली की मी गुणगुणतच निघाले. प्रीतमनं ठरल्याप्रमाणे बोट पुढे केलं. मी त्या बोटावर उतरले आणि थबकलेच. मऊ, ओलं, दुखरं मांस! दोन फेऱ्यांत माझी गिरकी मेली आणि मी जमिनीवर आदळले. मानसीनं झटकन मला उचललं, हसत पुन्हा फेकलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. मग तीच बिचारी त्याच्या वाट्याचंही खेळायला लागली. धावत होती, उड्या मारत होती, घामानं भिजली होती. पण जोडीचा खेळ एकट्यानं कसा तरणार? मी पडत राहिले. दर वेळी मातीत पडताना मला वाटत होतं, ही धरणी दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं.

गुण जाहीर झाले. अंतिम फेरी हुकली.

मानसी खाली बसली. तिनं प्रीतमचा हात ओढून पाहिला. “नखं कुठायत?”

“पडली,” प्रीतम म्हणाला.

मानसीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. “माझंच चुकलं. सकाळी घाई केली मी, गोंद नीट सुकूच दिला नाही. सॉरी रे. तुझाही खेळ घालवला मी.”

आणि आमच्या प्रीतमनं काय करावं? त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “जाऊ दे ना. होतं असं कधी कधी.”

त्यानं तिला माफ केलं, मित्रांनो! जिचं सगळं त्यानं घालवलं, तिलाच माफ केलं! मी तिच्या पायाशी उताणी पडले होते. त्या क्षणी मला इतकी शरम वाटली की त्याच्या घरात आयुष्यभर झाकण होऊन राहिले असते तर बरं, असं झालं.

तेवढ्यात दोरी ओलांडून दगडू आला. मानसी उठली आणि डोळे पुसत म्हणाली, “काका, माझ्यामुळे झालं हे. त्याची नखं मी नीट चिकटवली नव्हती.”

“तू कनाला माफी मांगतेस, बाय?” दगडू गोंधळला. “त्यानीच काडली ना ती. मी पायला, त्या टेम्पोचे मागं. दातानी ओढून काडीत व्हता. मना वाटला, तुमचे खेळान तसाच करतात.”

दगडू आपला सरळ मनाचा माणूस, तो बोलतच राहिला. “आमी तर तीच नखां बघाला आयलो. विकीनी मोबाइलवर दाखवला ना, परदेशानचे मोठे मोठे बाप्ये नखां लावून खेलतात. मी सगले गल्लीला सांगितला, माजा पोर नखावर ताट फिरवतं. मंग काडलीस कनाला रं?”

प्रीतमची मान छातीला टेकली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. “तुम्ही आलात म्हणून,” तो कसाबसा म्हणाला. “मला लाज वाटली, बाबा.”

दगडूच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरली. “माजी?” त्यानं विचारलं.

प्रीतमनं रक्ताळलेलं बोट मुठीत लपवलं.

मानसी ओरडेल, मला उचलून फेकून देईल, असं मला वाटलं. तिनं तसं काही केलं नाही. ती एवढंच म्हणाली, “मला सांगायचंस ना. आपण नखांशिवायचा खेळ केला असता. तबकडीला वाऱ्यावर टपल्या मारल्या असत्या, पाठीवरून सोडली असती, पायानं घेतली असती. तुझे पाय किती छान आहेत. अर्ध्या तासात बसवलं असतं मी.” मग तिनं बाटली उचलली, फवारा उचलला, मला मात्र तिथेच ठेवलं आणि गेली.

प्रीतम धावत पंचांच्या टेबलाशी गेला. स्पीकर चालू होता, सगळं मैदान ऐकत होतं. “नखं मी स्वतः काढली. मानसीची काही चूक नाही,” तो म्हणाला. टेबलावरच्या खेळाडूंनी ऐकून घेतलं. त्यांच्यातला एक हळूच म्हणाला, “खरं बोललास ते बरं केलंस भाऊ, पण गुण पडले ते पडले.” गुण खेळाला असतात, कबुलीला नसतात. क्रमवारी लागली तेव्हा मानसी तेराव्या नंबरावर घसरली होती. तो पासपोर्ट अजून कोराच आहे म्हणे.

आता ती दुसऱ्या जोडीदारणीबरोबर खेळते. प्रीतम दर रविवारी मला घेऊन मैदानात जातो. नखं लावूनच गल्लीतून चालत जातो, हात उघडे ठेवून. पोरं ओरडतात, “दादा, ताट फिरव!” तो फिरवतो. सगळं कसं सोपं होतं, बघा. पण समोरून मला फेकणारं कोणी नसतं. स्वतःच उडवायचं आणि स्वतःच झेलायचं. मी फिरते, पण माझं मन लागत नाही.

मागच्या रविवारी जाळं विणता विणता दगडूनं विचारलं, “ती पोरगी न्हाय येत रं आता?”

“नाही येत.”

“घरी जाऊन ये की तिचे.”

“गेलो होतो, बाबा. तिनं चहा दिला. आईची तब्येत विचारली. खेळाचं नाव काढलं नाही.” प्रीतमनं मला खिडकीत ठेवलं. “ओरडली असती तर बरं झालं असतं.”

दगडूनं जाळ्याची गाठ तेवढी पुन्हा सोडवून नीट घातली.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू नीट वापरा. आम्हाला तापलेल्या गाडीत टाकू नका, आम्ही वाकतो. खेळून झालं की माती पुसा. पण एवढ्यासाठी मी तुम्हाला थांबवलं नव्हतं. लाज सगळ्यांनाच वाटते, तुम्हालाही वाटेल. कधी आपल्या खेळाची, कधी आपल्या घराची, कधी कशाचीही. वाटू द्या. फक्त ज्याच्याबरोबर खेळायचंय, त्याला ती मैदानात उतरायच्या आधी सांगा. मानसी आधी पोट धरून हसली असती. प्रीतमला पार भंडावून सोडलं असतं तिनं. आणि मग लगेच उठून नवा खेळ बसवला असता. ती अगदी तयार होती, मित्रांनो. यानं तिला सांगितलंच नाही.