चौदा नंबरवरचा खांब

"अर्मल, बारा वाजले. आवर आता," वाहिनीच्या मालकाचा माणूस म्हणाला.

"बाहेर बघ तरी."

"पाऊसच ना? केंटकीत तो काय नवा आहे?"

अर्मल टॅकेटने बोट टीव्हीच्या पडद्याकडे केलं. डोंगरमाथ्यावरच्या या खोलीतून तेवीस वर्षं तो चौदा नंबरची वाहिनी चालवत होता. तिची ताकद एवढीशी, की खालच्या खोऱ्यापलीकडे दिसायची नाही. रविवारी देवळातलं गायलेलं प्रवचन, आणि एरवी दिवसभर कॅमेऱ्यातून दिसणारा ओढ्यातला रंगवलेला खांब. पांढरा पट्टा बुडाला की गाई वर न्यायच्या, पिवळा बुडाला की माणसांनी निघायचं. खोऱ्यात फोन लागत नसे. बायका मक्याचा पाव भाजता भाजता मान वळवून खांब बघत आणि निर्धास्त होत.

पिवळा आता बोटभर उरला होता.

"तासभर थांब, बाबा."

"वाहिनी विकली गेली. माझ्या हातात काय आहे?"

निदान 'निघा' एवढं तरी सांगावं म्हणून अर्मल माइककडे वळला. तोवर त्या माणसाने खटका खाली ओढला होता. यंत्राची तेवीस वर्षांची गुणगुण थांबली आणि पावसाचा आवाज एकदम खोलीत आला.

अर्मलने गाडी उताराला घातली. पहिलं घर ओमामावशीचं. म्हातारी मुंग्या आलेल्या पडद्यासमोर बसून होती.

"आजच बिघडवलंस का रे? उभ्या जन्मात एक काम दिलं तुला."

"मावशी, ऊठ. निघायचंय."

"खांब दाखव, मग उठते."

अर्मलने दार उघडलं. पाणी खालच्या पायरीला लागलं होतं. मावशीने ते पाहिलं आणि काठी घेतली.

पुढे रस्ता खचला होता. पलीकडच्या सहा घरांच्या खिडक्यांत तोच राखाडी उजेड थरथरत होता. सगळे खांबाची वाट बघत बसलेले. अर्मलने हाका मारल्या. पाण्याने त्या गिळल्या.

"बोंबलून काय होणार?" मावशी म्हणाली. "ओळ दे."

त्यांच्या देवळात पोथ्या नसत. एकाने ओळ द्यायची, बाकीच्यांनी ती लांबवत उचलायची. असा सूर या डोंगरावरून त्या डोंगरावर जातो. अर्मलने डोळे मिटले.

"पाणी चढलं, प्रभो, वाट उंचावर ने..."

मावशीने ओळ उचलली. मग पलीकडच्या पहिल्या घरातून उचलली गेली, दुसऱ्यातून, तिसऱ्यातून. दारं उघडली. माणसं एकमेकांना धरून गात गात टेकडी चढू लागली. पाच घरं झाली.

शेवटचं घर वेस्टरचं. गाताना तो कायम अर्धी ओळ मागे असायचा. देवळात सगळे त्याला हसत, पण पुढची ओळ त्याच्यासाठी थांबायची.

त्याचं दार अजून उघडलं नव्हतं, आणि आता खिडकीतला उजेडही विझला.

"दे की पुढची," मावशी म्हणाली.

"थांब, मावशी," अर्मल म्हणाला. "वेस्टरची ओळ व्हायचीय अजून."