कान वाजले पाहिजेत

ताप कधीचाच उतरला, तरी पुंजाजी गोधडीतून बाहेर यायचं नाव घेईनात. अंग गार, जेवण चोख, पण "उठा" म्हटलं की कानाला हात लावून म्हणायचे, "वाजले नाहीत अजून."

आता या माणसाला काय म्हणावं! त्यांच्या उभ्या जन्मात हिवतापाला औषध एकच, कोयनेल. कडूजहर. ती पोटात गेली की कानात गुणगुण सुरू व्हायची, आणि कान वाजले म्हणजे औषध लागू पडलं, असा मोताळ्याकडच्या जुन्या माणसांचा हिशेब. पण महाराष्ट्र नवा झाला, तशी औषधंही नवी आली. मलेरियावाल्यानं पुंजाजींच्या बोटाला सुई टोचली, काचेवर रक्त घेतलं आणि भलत्याच गोळ्या देऊन गेला. ताप पळाला. कान मात्र मुके ते मुकेच.

इकडे त्यांच्या बायकोचा, रुखमाबाईचा, जीव तुटत होता. उद्या डोणगावला तिच्या भावाच्या पोरीची हळद. आत्याच हळदीला नाही म्हणजे काय! पण नवऱ्याला अंथरुणात टाकून गेली, तर गाव तोंडात शेण घालणार.

तिनं मलेरियावाल्याला वाटेतच गाठलं. "भाऊ, थोडी कोयनेल दे बाप्पा. आमच्या यायचे कान वाजले पाह्यजेत."

तो हसला. "काकू, साध्या तापाले आता कोयनेल देत नाहीत. लयच भारी ताप असला, तं दवाखान्यात देतात. काकाचा ताप गेला ना? मंग कान कायले वाजवता?"

कायले म्हणे! रुखमाबाई तणतणत घरी आली. गोठ्यात जाऊन पवळ्या बैलाच्या गळ्यातली घंटी सोडली, आणि दुपारी पुंजाजींचा डोळा लागल्यावर त्यांच्या उशाशी नाक ओढत बसून ती हलकेच हलवू लागली. किणकिण. किणकिण.

पुंजाजी बराच वेळ तसेच पडून राहिले. मग एकदम उठून बसले.

"वाजले वं! माह्यं नवं धोतर काढ."

सकाळी बस बुलढाण्याचा घाट चढत होती. रुखमाबाईच्या मनात हळदीची गाणी सुरू झाली होती. पुंजाजी तिच्याकडे झुकले.

"पवळ्याची घंटी परत बांधली ना त्याच्या गळ्यात?"

तिचं तोंड एवढंसं झालं. "अगं माय! तुमाले समजलं होतं? मंग उठले काऊन?"

"वाजवता वाजवता रडून राह्यली होती तू." त्यांनी पुन्हा कान चाचपले. "हे तं अजून मुकेच हायेत. ताप पलटला तं पलटू दे. तुह्या भावाच्या मांडवात अंग टाकीन."

रुखमाबाईनं पदरानं डोळे पुसले, पिशवीतली शाल काढली आणि त्यांच्या दोन्ही कानांवरून घट्ट गुंडाळली.