सदूची वजाबाकी

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. दुसऱ्याने लिहून ठेवलेल्या कोडवर तर त्याहूनही नाही.

आनंदनगरच्या एका केमिकल कारखान्यात जुना विंडोजचा डबा काढून लिनक्स बसवायचं काम माझ्याकडे होतं. सगळं चाललं, एक लायब्ररी, म्हणजे जुन्या कोडचा एक तुकडा, सोडून. मोठ्या टाकीत साफसफाईला माणसं उतरतात. शिडीवरचा सेन्सर त्यांना मोजतो, लायब्ररी तो आकडा वाचते आणि शून्य असेल तरच आतलं पातं फिरवणारी मोटर चालू होऊ देते. लिनक्सवर आकडा एक येत होता. टाकी रिकामी होती, मी स्वतः बॅटरी मारून पाहिलं.

लाँग नावाचा आकडा विंडोजवर चार बाइट खातो, लिनक्सवर आठ. तिथेच पाणी मुरत असणार, म्हणून ते दुरुस्त केलं. पुन्हा एक.

"तो सदू," ऑपरेटर धर्मराजकाका म्हणाले. बारा वर्षांपूर्वी साफसफाईला उतरलेला सदू आत असताना कोणीतरी मोटर चालू केली होती. "जुन्या मशीनवर पण यायचा. मोटर लावायच्या आधी मी टाकीत हाक मारतो, मग शून्य होतं."

मी हसले. काका टाकीकडे गेले.

"मॅडम, टाकी खाली आहे ना? मग एक मायनस मारा," सुपरवायझर धर्मेश वैतागला. "लंचच्या आधी ट्रायल घ्यायचीय."

मारलं. एका ओळीचं काम. लायब्ररी नव्याने तयार करायला पाच मिनिटं गेली. पडद्यावर शून्य आलं. धर्मेशने बटणाकडे हात नेला.

तेवढ्यात काका दारात आले. "लावा आता. सदूला बाहेर बोलावलं मी."

मी पडद्याकडे पाहिलं. अजून शून्यच. सदू खरंच बाहेर आला असेल, तर आकडा उणे एक हवा होता.

"काका, मग आत कोण आहे?"

धर्मेश खो खो हसला. मी त्याचं मनगट घट्ट धरलं. काका तोवर टाकीकडे धावत सुटले होते.

टाकीच्या तळाशी सफाईवाला महेश होता. विसरलेला पाना घ्यायला, दोन मिनिटांचं काम म्हणून कोणाला न सांगता उतरलेला. वर आल्यावर आमचे चेहरे असे का झालेत, तेच त्याला कळेना.

"काका, तुम्ही हाक मारून वळलात ना, तेव्हाच उतरलो मी. पण शिडीवर मला घासून वर कोण गेला?"

मी कॉम्प्युटरकडे वळले.

वजाबाकीची ती ओळ पुसली. तिच्या जागी, पुढे हे कोड उघडणाऱ्यासाठी लिहिलं: मोटर लावण्याआधी सदूला हाक मारा. वजाबाकी करू नका.