वैशाखातलं शेवळ

"तुमी वहीत खोटं लिवताव," ठमाबाईने कुदळ जमिनीवर टेकली.

मोजणीचा कारकून हरेश्वर वहीतून मान वर काढीना. "काय खोटं?"

"ह्या उताराव काय न्हाय म्हून."

"मग काय आहे, मावशी? मला तर दगडच दिसतात."

दगडच दिसत होते. तळ्याजवळचा तो उतार वैशाखात करपला होता. वहीत पडीक लिहिलं की पावसाआधी सरकारचं तारेचं कुंपण पडणार. मग कणगी रिकामी होते त्या दिवसांत वाडीतल्या बाया भाजीला जाणार कुठे?

वहीत चार रकाने होते. झाड, झुडूप, वेल, गवत. ज्याने ते आखले त्याने आयुष्यात जमीन खणली नव्हती. स्वराज्याला नऊ वर्षं झाली, रकाने गोऱ्याचेच राहिले.

"करवंद लिहिलं. झुडूप," हरेश्वर म्हणाला.

"ही भारंगी. पाला झडलाय, मूळ जित्तं हाय. तिकडं करांद्याचा वेल वाळलाय, कंद खाली हाय. आनि हितं भाजीचं शेवळ. पावसाच्या तोंडाव वर येतंय."

"दिसेल तेच लिहायचा हुकूम आहे."

"मंग आषाढात या."

"आषाढात रस्ता बंद. साहेब येत नाहीत."

"म्हंजे सायेब बी उन्हाळीच उगवतोय," मागे उभा असलेला तिचा दीर बुधाजी म्हणाला.

ठमाबाईने कुदळ उचलली.

"वैनी, नको. कोंब धरला असंल. मोडंल."

"ह्यास्नी दिसाया नको?"

तीन घाव घातले. चौथ्याला दम लागला, म्हणून बसून तिने हातांनीच माती उकरली. कंद निघाला, मुठीएवढा. पांढुरका कोंब मुळाशीच तुटला होता. तिने कंद उघड्या वहीवर ठेवला.

हरेश्वरने कंद बाजूला सारायला बोट पुढे केलं आणि तसंच मागे घेतलं.

"खाजतंय ते म्हाईत हाय वाटतं," बुधाजी म्हणाला.

"आई ह्याची भाजी करते," हरेश्वर हळूच बोलला. "काकडाची आंबट फळं घालून. नाहीतर घसा धरतो."

त्याने टाकाचं टोक पहिल्या रकान्यावर नेलं. मग दुसऱ्या. चौथ्यापाशी येऊन ते थांबलं.

ठमाबाई तिथेच बसून होती. मातीच्या हातांना खाज सुटली होती, तिने ते पदराला पुसले.

"ह्यो तुमच्या कागदापायी मेला. उताराव असं शेकड्यानं हायेत. समदं खनून दाखवू? का तसंच लिवताव? बोला, भाऊसाहेब. ह्याला कुठं लिवनार?"